हॅलो, माइक टेस्टिंग : कुडपणच्या कर्ण्याची गोष्ट

कानात इअरफोन असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजच्या भागाची सुरुवातच एका कर्ण्याने होते. ऐकणाऱ्यांनी तो ऐकला असेलच. जे हे वाचतायत त्यांनी आठवून बघा : देवळाच्या पत्र्यावर बांधलेला तो चंदेरी भोंगा, आधी एक लांब शिट्टी, मग कोणीतरी माइकवर फूँ फूँ करतो, आणि मग ते जगप्रसिद्ध वाक्य. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन तीन.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्यात 'टेस्टिंग' हा शब्द आहे याकडे माझं लक्ष गेलं ते गेल्या गणपतीत.

झालं असं. माझं गाव कुडपण. पोलादपूर तालुक्याच्या अगदी टोकाला, जिथे रायगड जिल्हा संपतो आणि सातारा, रत्नागिरी सुरू होतात. धबधब्याच्या रील्समुळे आता तुमच्यापैकी काही जणांनी नाव ऐकलं असेल. तान्हाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यातलं, आणि त्यांच्याबरोबर सिंहगडावर लढलेले शेलारमामा आमच्या गावचे, असं आमच्याकडे सांगतात. गावातली निम्मी घरं एरवी बंद. माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला सगळे चाकरमानी परत येतात आणि मग गावकीची बैठक बसते. त्या बैठकीत विषय निघाला की देवळातला जुना साउंड सेट गेला, वर्गणी जमली आहे, नवीन काय घ्यायचं?

पोरांचं म्हणणं, मोठा पार्टी स्पीकर घ्या. चाकं आहेत, लाईट लागतात, ब्लूटूथ आहे, भजनाला पण चालेल आणि हळदीला पण. म्हाताऱ्यांचं म्हणणं, कर्णाच घ्या, दोन युनिट आणि एक मशीन. बराच आवाज चढला. शेवटी काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा इअरफोनची परीक्षा घेतो ना इंटरनेटवर? मग ह्याला विचारा की."

मी चार वर्षं हेडफोन, माइक, साउंडबार यांचे रिव्ह्यू करतोय. बेस किती, व्होकल कसे, किमतीला परवडतं का. पण समोर सगळी भावकी बसलेली, वर्गणीचे पैसे, आणि एका मशीनवर पंधरा-वीस वर्षं काढायची. मी म्हणालो, "टेस्ट करून सांगतो." आणि मग मला कळेना की टेस्ट करायची म्हणजे नेमकं काय करायचं. म्हणून मी मागे जात जात वाचायला लागलो. आजचा भाग त्याचाच आहे.

आधी आमच्या दरीपासून सुरू करू. माझे आबा सांगायचे, लाईट नव्हती तेव्हा एका वाडीतून दुसऱ्या वाडीला निरोप आरोळीने जायचा. ओढ्याच्या काठावर उभं राहायचं, दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि नाव ताणायचं. "गणूऊऊऊऊ". फक्त नाव. कारण नावाच्या पुढचं काही कळायचंच नाही. समोरचा ओ द्यायचा आणि मग अर्ध्या वाटेवर येऊन बोलणं व्हायचं. ह्यात एक शास्त्र आहे, ते पुढे येईल. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की स्वर लांब जातात, व्यंजनं वाटेत मरतात.

आमच्या बाजूच्या डोंगररांगेत प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाची भेट झाली, खान पडला, महाराज गडावर परतले. खाली जावळीच्या रानात मावळे दबा धरून बसलेले, त्यांना कसं कळणार? गडावरून तोफेचा बार झाला. तोच इशारा आधीपासून ठरलेला होता. ऑडिओच्या भाषेत बोलायचं तर ही जगातली सगळ्यात सोपी सिस्टीम : वाजलं किंवा नाही वाजलं. तोफ किती स्पष्ट ऐकू येते हा प्रश्नच नाही, कारण तिला काही सांगायचंच नाहीये. जे सांगायचं ते आदल्या दिवशी सांगून झालंय.

आणि आता गंमत बघा. आपण देवळावरच्या भोंग्याला कर्णा म्हणतो. हा शब्द लाउडस्पीकरबरोबर आलेला नाही. कर्णा म्हणजे पितळेची लांब तुतारीसारखी वाद्यं, नगारखान्यात वाजायची, फौजेत वाजायची. वीज आली, तारा आल्या, आणि आपल्या लोकांनी त्या नव्या वस्तूकडे बघून क्षणात ओळखलं की हा तोच आहे. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला पसरलेला. बरोबरच ओळखलं, कारण दोन्हीचं काम एकच. छोट्या जागेतला जोराचा दाब हळूहळू रुंद होत मोकळ्या हवेला नेऊन द्यायचा. हा पसरट आकार नसेल तर युनिटमधला पडदा नुसता हवेत हात मारत राहतो.

आता रायगड. आमच्याकडून महाडमार्गे जायचं. रायगडावर गेला असाल तर गाईडने तुम्हाला हे दाखवलं असेल : तुम्ही राजसभेत सिंहासनाच्या जागेपाशी उभे राहायचं, तो नगारखान्याच्या दाराशी जाऊन कागद फाडतो किंवा आगपेटीची काडी ओढतो, आणि तुम्हाला ते ऐकू येतं. राजसभा २२० फूट लांब. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक इथेच झाला. मला हे नेहमी थोडं वाढवून सांगितलेलं वाटायचं. म्हणून एकदा सकाळी पहिल्या रोपवेने वर गेलो, चुलत भावाला नगारखान्यापाशी उभा केला आणि मी मेघडंबरीसमोर. त्याने काडी ओढली. आली ऐकू! मग तो कुजबुजला. काहीतरी बोलतोय हे कळलं, पण काय ते नाही कळलं. नंतर विचारलं तर म्हणाला, "भूक लागली असं म्हणत होतो." मग साधं बोलला, आरोळी नाही, आपण घरात बोलतो तसं, तेव्हा शब्द न् शब्द कळला. दीडेक तासाने पर्यटक भरले आणि तीच काडी पाच-सहा वेळा ओढली तरी काही नाही.

मी फोनवर डेसिबलचं ॲप लावलं होतं. ते काय दाखवत होतं ते सांगत नाही, कारण त्याला अर्थ नाही. फोनचा माइक जवळच्या बोलण्यासाठी बनवलेला, प्रत्येक फोनचा वेगळा, आणि कोणी त्याला खऱ्या मीटरशी लावून बघितलेलं नसतं. खाली-वर किती झालं एवढं ढोबळ कळतं, बस. पण त्या सकाळी मला एक गोष्ट पक्की कळली की 'ऐकू येणं' आणि 'कळणं' या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आणि रायगडाची भिंत चांगली आहे हे खरं असलं तरी अर्धं श्रेय सकाळच्या शांततेला.

इथून आपण घाट चढून पलीकडे जाऊ. साताऱ्याला. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण ही गोष्ट मला माहीतच नव्हती आणि ती आजच्या प्रत्येक हेडफोनच्या भांडणात जशीच्या तशी चालू आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे गृहस्थ होते. सांगलीचे, सरकारी नोकरीतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त. त्यांना वेड एकच, की आपल्या शास्त्रांत ज्या बावीस श्रुती सांगितल्यात त्या खरंच आहेत का, आणि असतील तर मोजून दाखवायच्या. गवयाला समोर बसवायचं, त्याने लावलेला स्वर तारेवर जुळवायचा, तारेची लांबी मोजायची, गणित मांडायचं. त्यांच्यासाठी गायला कोण बसलं? अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे. म्हणजे टेस्ट सिग्नल म्हणून साक्षात खाँसाहेब! १९१० साली देवलांनी बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं.

त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाची. दोघांनी मिळून १९११ च्या सुमारास एक पेटी बनवून घेतली, लंडनच्या कारागिराकडून. साध्या पेटीत सप्तकाला बारा स्वर असतात आणि ते इंग्रजी पद्धतीने सगळे सारख्या अंतरावर ओढूनताणून बसवलेले असतात. ह्या पेटीत जास्त पट्ट्या, आणि प्रत्येक श्रुती मोजून लावलेली. कागदावर बघाल तर परफेक्ट प्रॉडक्ट. आज असती तर पहिल्याच रिव्ह्यूत पाच तारे.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे त्यामागे होते. तिथे ह्या श्रुतींच्या पेटीचा विषय मांडला गेला. समोर बसलेले कोण, तर देशभरातले गवई, बीनकार, पंडित. आणि त्यांना ते पटलं नाही. आमचा गंधार असा नाही, आमचा रिषभ एकाच जागी थांबत नाही, रागाप्रमाणे हलतो, मींडेत सरकतो. तुम्ही तारेवर त्याला खिळा मारलात, पण तो तिथे राहतच नाही.

आता सांगा, कोण बरोबर? मी हे वाचताना आधी पूर्ण देवलांच्या बाजूने होतो. माणूस मोजतोय, लिहून ठेवतोय, दुसऱ्याला तपासायला देतोय. समोरचे नुसते 'आमचा कान सांगतो' म्हणतायत. आमच्या धंद्यात असल्या कानवाल्यांनी दहा-दहा हजारांच्या केबल विकल्यात, म्हणून माझा त्यांच्यावर राग. पण हळूहळू लक्षात आलं की मोजमाप चुकलेलं नव्हतं, मोजायची वस्तू चुकलेली होती. थांबलेला स्वर मोजला, आणि गाणं तर हलत्या स्वराचं. गवयांना गणित नसेल येत, पण आपलं काम काय आहे हे त्यांना माहीत होतं. तरीसुद्धा देवलांनी तार मोजली नसती तर हे भांडण कधी इतकं नेमकं झालंच नसतं, हेही खरं. खाँसाहेबांचं गाणं आज तुम्ही फोनवर ऐकू शकता, तेवढ्या जुन्या रेकॉर्डमध्ये पण. ऐकाच.

त्याच सुमाराला अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने वेगळाच प्रकार चालवला होता. नाव 'टोन टेस्ट'. १९१५ पासून दहाएक वर्षं. स्टेजवर गायिका उभी, शेजारी तिची रेकॉर्ड लावलेलं मशीन. ती मध्येच गायची, मध्येच ओठ मिटायची, दिवे घालवायचे, आणि लोकांनी ओळखायचं की आत्ता बाई गातेय की मशीन. लोकांना म्हणे ओळखता यायचं नाही. तेव्हाचं मशीन कसलं होतं ते आपल्याला माहीत आहे, डब्यातून आल्यासारखा आवाज. मग जमलं कसं? तर गायिका आपलाच आवाज मशीनसारखा करून गायच्या. स्पॉन्सर्ड रिव्ह्यू म्हणतात तो हा. शंभर वर्षांपूर्वीचा.

आपल्याकडे लाउडस्पीकरपेक्षा आधी लोकांच्या ओळखीचा झाला तो रेडिओ. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. गावोगाव पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आमच्या घरात ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फी होता, त्याचं लायसन पोस्टातून दरवर्षी नवीन करावं लागायचं, आणि आबा तो झाकायला आजीचं जुनं लुगडं वापरायचे. लायसनची भानगड १९८० च्या दशकात संपली.

पण रेडिओचा एक प्रयोग मी मुद्दाम सांगतो, कारण इतकी शिस्तीची ऑडिओ टेस्ट महाराष्ट्रात त्याआधी झाली असेल असं मला वाटत नाही. १९५६. युनेस्कोची मदत, पुण्याचं आकाशवाणी केंद्र, आणि मराठी मुलखातली १५० गावं. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर, असे पाच जिल्हे. (कोकण नाही. असो.) गावात वीसेक माणसांचा गट बसवायचा, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा, गावकीचा कार्यक्रम लावायचा, ऐकून झाल्यावर सगळ्यांनी त्यावर बोलायचं आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे. एकूण वीस कार्यक्रम. आधी आणि नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी गावात जाऊन माणसांना काय कळलं ते विचारलं. आणि तुलनेला काय घेतलं? जिथे रेडिओ आहे पण असा गट नाही अशी गावं, आणि जिथे रेडिओच नाही अशी गावं. निघालं काय, तर गट बसवलेल्या गावांत लोकांची माहिती स्पष्ट वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तसं झालं नाही.

इथे मला घाम फुटला. कारण मी चार वर्षं फक्त मशीन तपासत होतो. ऐकणारा माणूस मी कधी टेस्टमध्ये धरलाच नव्हता.

कॅसेटच्या काळाबद्दल पटकन बोलतो. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ ला, पण आपल्याकडे खरा धुमाकूळ ऐंशीच्या दशकात. मुंबईहून येणारा प्रत्येक चाकरमानी हातात टू-इन-वन घेऊन उतरायचा. आणि नव्वदीत त्या प्लास्टिकच्या डब्यांवर स्टिकर यायला लागले : ५००० वॉट पीएमपीओ. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर असा डबा असेल तर काढून बघा. त्याच डब्याच्या मागे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तो विजेतून किती वॉट घेतो. वीस-पंचवीस. वीस वॉट घेणारा डबा पाच हजार वॉट कुठून देणार? डोळ्याचं पातं लवायच्या आत, एका क्षणापुरता जो काही झटका निघू शकेल त्याचं कसलंतरी गणित करून तो आकडा काढलेला. त्याला कसलंही मान्य प्रमाण नाही. अमेरिकेत असल्याच आकड्यांना कंटाळून त्यांच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरचा वॉट कसा मोजून छापायचा याचा नियमच केला. आपल्याकडे तो स्टिकर लग्नात आंदण म्हणून गेला.

आता मूळ गोष्टीवर. आमच्या बैठकीत वर्गणी आणि वॉटवरून वाद चालला होता तेव्हा मागे बसलेल्या एका काकी एवढंच म्हणाल्या, "तळीयेला कर्णा असता तर?"

सगळे गप्प झाले. बाहेरच्यांसाठी सांगतो. २२ जुलै २०२१. महाड तालुक्यातलं तळीये, दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, रस्ते तुटलेले, बाहेर बातमी पोचायलाच वेळ गेला. काकींना कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर कोणाकडेच नव्हतं. मलाही द्यायचं नाही. कर्ण्याने दरड थांबत नाही, आणि सांगणाऱ्याला आधी कळायला तर हवं. पण त्या वाक्यानंतर माझी टेस्ट काय आहे ते मला कळलं. जुलैच्या पावसात, लाईट गेलेली असताना, देवळातून बोललेलं पलीकडच्या वाडीतल्या घरात, दार लावून बसलेल्या माणसाला शब्दांनिशी कळतं का? तोफेसारखा इशारा नाही चालणार. 'घर सोडा' आणि 'घराबाहेर पडू नका' ह्या दोन्हीला एकच भोंगा वाजला तर काय करायचं?

कळतं का हे मोजायची पद्धत टेलिफोनवाल्यांनी शोधून ठेवलेली आहे. अमेरिकेच्या बेल कंपनीत शंभर वर्षांपूर्वी हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी तारेच्या एका टोकाला निरर्थक अक्षरं वाचायचे, दुसऱ्या टोकाला माणसं ती ऐकून लिहायची, आणि किती बरोबर आली ते मोजायचे. निरर्थक का? कारण वाक्य असलं की आपण अंदाजाने भरून काढतो. 'हॅलो माइक टेस्टिंग' अर्धवट ऐकलं तरी पूर्ण कळतं, म्हणून टेस्टला तेच सगळ्यात निरुपयोगी वाक्य!

मी शब्दांची यादी केली. वीस शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, मुद्दाम जवळजवळ ठेवलेले. पाट, पान, पार. काठी, गाठी. दार, धार. यंदा ज्येष्ठात पाऊस लागल्यावर गावी गेलो. पोलादपूरच्या मंडपवाल्याकडून एक दिवस कर्णा, युनिट आणि मशीन भाड्याने आणलं, आणि चुलत भावाने मुंबईहून आपला पार्टी स्पीकर आणला. ओढ्यापलीकडे, सरळ रेषेत अर्धा किलोमीटरभर लांब, एका घराच्या पडवीत काकी, तिची सून आणि शाळेतली दोन पोरं बसली. पत्र्यावर पाऊस. मी देवळातून वाचणार, त्यांनी लिहायचं. काकीचं सुनेने लिहायचं.

आधी अंगणात दोन्ही वाजवून बघितले. अंगणात पार्टी स्पीकरने सगळ्यांना खाऊन टाकलं. छातीत धडधड. पोरं माझ्याकडे बघून हसायला लागली. कर्णा त्याच्यापुढे नाकात बोलल्यासारखा.

पलीकडच्या पडवीतून कागद आले तेव्हा पार्टी स्पीकरचे वीसपैकी पाच-सहा शब्द बरोबर होते. एका पोराने तर 'काहीतरी वाजतंय' असं लिहून ठेवलेलं. कर्ण्याचे चौघांचेही पंधराच्या वर होते. काकीचे सतरा.

हे असं का, ते गणिताने सांगतो, वही घ्या हवी तर. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरपासून नऊ वेळा दुप्पट करा : २, ४, ८, असं करत ५१२ मीटर. नऊ गुणिले सहा, ५४ डेसिबल गेले. हे दोघांनाही सारखंच. पण सुरुवात वेगळी आहे. कर्ण्याच्या युनिटला १ वॉट दिला तर १ मीटरवर साधारण १०५ ते ११० डेसिबल येतात. घरगुती जातीच्या स्पीकरला तोच १ वॉट दिला तर ८५ ते ९०. फरक २० डेसिबलचा धरा, आणि २० डेसिबल म्हणजे शंभर पट वॉट. कर्ण्याला ३० वॉट दिले तर ते काम साध्या स्पीकरला करायला ३००० वॉट लागतील. खरे वॉट, स्टिकरवरचे नाही. वर कर्णा एका दिशेला टॉर्चसारखा मारतो, आणि खालचा बेस त्याच्यात नसतोच. सगळी ताकद मधल्या-वरच्या पट्टीत, जिथे प आणि न आणि ठ यांच्यातला फरक राहतो. आबांच्या आरोळीत वाटेत मरणारी जी व्यंजनं होती ना, कर्णा नेमकी तीच उचलून नेतो. त्याचा नाकातला आवाज हा दोष नाही, तेच त्याचं काम आहे. संध्याकाळी भजन लावून बघितलं तर कर्ण्यावर मृदंगाची धुम गायब, नुसती चाट ऐकू येते. तिथे पार्टी स्पीकर दहा पट चांगला, यात वाद नाही.

लाईट गेल्यावरचं पण बघितलं. पार्टी स्पीकरची बॅटरी आतली, मोठ्या आवाजात लवकर बसते, आणि बसली की लाईट येईपर्यंत संपलं. मंडपवाल्याच्या मशीनला मागे १२ व्होल्टचे दोन स्क्रू असतात, कुठल्याही जीपच्या बॅटरीवर चालतं. शिवाय त्यातून लाइन ट्रान्सफॉर्मर लावून दुसरा कर्णा लांबवर, दुसऱ्या वाडीत तोंड करून बांधता येतो, तार लांब झाली तरी आवाज फार पडत नाही. हे सगळं मंडपवाल्याला पाठ होतं. मी महिनाभर वाचून काढलेलं त्याने विडी पेटवता पेटवता सांगितलं आणि वर म्हणाला, "कर्णा सरळ बांधू नको, तोंड थोडं खाली कर, नाहीतर पाण्याने युनिट जाईल." हे कुठल्याही रिव्ह्यूत मला सापडलं नव्हतं.

एक गोष्ट मलाच खटकत होती ती पण सांगतो. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली वर्षानुवर्षं गणपतीत हातात मीटर घेऊन उभ्या राहतात, आणि भोंग्यांचा त्रास काय असतो ते मी गिरगावात राहून जाणतो. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. अर्धा किलोमीटर पोचणारी वस्तू मी गावाला घ्यायला सांगतोय, तर देवळाशेजारच्या घरात तान्हं बाळ आहे त्याचं काय? बैठकीत मी हे बोललो तेव्हा एक जण म्हणाला, "मग तोंड तिच्या घराकडे नको ना करू." टॉर्च आहे म्हणालात ना? बरोबर होतं. कर्णे देवळावरून काढून वरच्या बाजूच्या खांबावर, दोन वाड्यांकडे तोंड करून बांधायचे ठरले. रोजची काकड आरती त्यावर नाही लावायची, यावर मात्र अर्धा तास गेला आणि दोन म्हातारे उठून गेले. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पोरांनी स्वतःच्या पैशाने पार्टी स्पीकर घेतलाच. दोन कर्णे, मशीन आणि एक बॅटरी गावाने घेतली. बॅटरी कोणी चार्ज करायची यावर वहीत पाळी लावलीय, दर सोमवारी एक घर.

आषाढात मी मुंबईला होतो. एका संध्याकाळी चुलत भावाने व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला. पाऊस, पाऊस, पाऊस, आणि त्याच्यामागून लांबून कर्णा : हॅलो, हॅलो, पाट, पान, पार. काठी, गाठी. माझीच यादी. आता दर सोमवारी बॅटरी लावली की तेवढंच वाचतात म्हणे. आणि मग पलीकडच्या वाडीतून, कुठल्याही मशीनशिवाय, काकीची आरोळी. "आलंऽऽऽ".